खिडक्या लावून घ्या

मीटिंग संपली, टेबलावर पालथा ठेवलेला फोन सरळ केला, तर अकरा मिस्ड कॉल. सगळे नाशिकहून, मावशीचे. आमच्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजत होते, म्हणजे तिच्याकडे दुपारचे बारा. या वेळेला मावशी कुकरच्या शिट्ट्या मोजत असते, फोन करत नसते. मी लावला. "अगं, तुझ्या आईला धाप लागलीय. मी म्हटलं आल्याचा रस घे मध घालून, वाफ घे, पण तिला बोलताच येईना. तू आहेस कुठे?" मी मेलबर्न शहराच्या मधोमध चौदाव्या मजल्यावर होते. आई माझ्या घरी, टार्नेटला, ट्रेन आणि पुढची गाडी धरून तासाभरावर. तिच्या फोनच्या पाठीवर मी स्वतःच्या हाताने चिकटवलेली चिठ्ठी होती, तीन ठळक शून्यं, इथला आणीबाणीचा नंबर. शेजारी दोन्ही बाजूंना माणसं होती. आणि दम कोंडलेल्या माझ्या आईने फोन केला तो जवळजवळ दहा हजार किलोमीटरवर, थोरल्या बहिणीला. मला का नाही केला, तर मी कामात असेन म्हणून.

ही गोष्ट मला अजून टोचते.

ट्रिपल झीरो मी त्याआधी कधी लावला नव्हता. पलीकडून आधी विचारतात, पोलीस, फायर की अ‍ॅम्ब्युलन्स. मग गाव कुठलं. मग त्या त्या माणसाकडे जोडून देतात. माझ्या वाट्याला आलेली बाई एका सुरात, न घाबरता विचारत गेली. शुद्धीवर आहे का, ओठ निळे पडलेत का, तुम्ही तिच्याजवळ आहात का. शेवटच्या प्रश्नाला 'नाही' म्हणताना गुन्हा कबूल केल्यासारखं वाटलं. अ‍ॅम्ब्युलन्स निघाल्यावर मी आईला फोन लावला, दार उघडून ठेव आणि फोन बंद करू नकोस म्हणून सांगितलं आणि धावत स्टेशन गाठलं. ते लोक पोचले तेव्हा मी ट्रेनच्या दारापाशी उभी होते. एका कानात बोट, दुसऱ्याला फोन. तिकडे माझ्या हॉलमध्ये स्पीकरवर एक तरुण आवाज म्हणत होता, तुम्ही मुलगी ना, तिला विचाराल का.

श्वास किती अपुरा पडतोय हे ओळखायची या लोकांची एक साधी खूण असते. माणूस सलग वाक्य बोलतोय, की दोन-चार शब्दांनी थांबतोय, की एकेक शब्दच तोंडातून निघतोय. आता माझ्या आईचं इंग्रजी धडधाकट असतानाही एकेका शब्दाचंच आहे. 'यस.' 'नो.' 'गुड.' 'डॉटर ऑफिस.' समोरच्या मुलाने कसं ओळखायचं, की कमी पडतंय ते इंग्रजी की हवा? मला मात्र पहिल्या दोन उत्तरांत कळलं. वीस मिनिटांच्या आत फोन न ठेवणारी ही बाई, भाजीवाल्याशीसुद्धा उपकथानकासकट बोलणारी, मला मराठीत नुसतं 'हो', 'नको', 'पाणी' म्हणत होती. मी ओरडूनच सांगितलं त्याला, ती अशी बोलत नाही, तिला खरंच श्वास घेता येत नाहीये. डब्यातल्या दोन माणसांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग त्याने विचारलं, एक ते दहा, त्रास किती? आई म्हणाली, "बरं आहे म्हणावं." या 'बरं आहे'चं भाषांतर मी आजवर शंभर वेळा केलं असेल आणि शंभरही वेळा चुकीचं. मरणाच्या दारातला माणूसही आपल्याकडे बरंच असतो. मी त्याला आठ सांगितले.

"तिला विचारा, यापूर्वी कधी अस्थमा होता का?"

"आई, तुला कधी दमा होता का गं?"

तिकडे नेब्युलायझरचा फस्स आवाज. थोडा वेळ गेला. "नाही गं."

"नो," मी म्हटलं. "नेव्हर."

रात्री तिला वॉर्डात झोपवून घरी आले, तर घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. पडदे ओले, पाटावरची वर्तमानपत्रं हॉलभर उडालेली. मागच्या अंगणातली प्लास्टिकची खुर्ची कुंपणाला तोंड करून ठेवलेली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं काय झालं असेल ते. दिवसभर तापलेलं आभाळ दुपारनंतर काळं झालं, वारा सुटला, आणि आई आपल्या आयुष्यात प्रत्येक वळवाला जे करत आली तेच तिने केलं. खिडक्या उघडल्या, खुर्ची बाहेर नेली आणि मातीच्या वासाची वाट बघत बसली. आमच्याकडे वैशाखात असं आभाळ भरून आलं की घरात कोण थांबतं? आधी वाळवण उचलायला धावायचं आणि मग तिथेच थांबायचं, पदर ओला होईपर्यंत. पहिल्या पावसात भिजलं की घामोळं जातं हे मी तिच्याच तोंडून ऐकलेलं. वादळ म्हणजे सुटका, हे आमच्या अंगात मुरलेलं आहे.

इथे नोव्हेंबरातलं वादळ म्हणजे खिडक्या लावून घ्या.

२१ नोव्हेंबर २०१६च्या संध्याकाळी मी या शहरात होते. असाच उकाड्याचा सोमवार, असंच वाऱ्याने अचानक पालटलेलं हवामान. मला फक्त डोळे चुरचुरल्याचं आठवतं. दुसऱ्या दिवशी बातम्यांत कळलं की रात्रभरात दवाखान्यांच्या दारात माणसांची रीघ लागली होती. नंतरचा हिशेब असा निघाला की साधारण तीस तासांत श्वासाच्या तक्रारी घेऊन नेहमीपेक्षा तीन हजारांवर जास्त माणसं आपत्कालीन विभागांत आली. १० जण दगावले. शहराभोवतीच्या कुरणांत राय नावाचं गवत असतं. त्याचे परागकण एरवी नाकातच अडतात, शिंका येतात, विषय संपतो. पण वादळाच्या ओलाव्याने ते फुगून फुटतात, त्यांचे बारीक तुकडे वाऱ्याबरोबर जमिनीलगत पसरतात आणि थेट छातीत उतरतात. ज्यांना फक्त 'सर्दीचा कोठा' आहे, दम्याचं नावही ज्यांनी ऐकलेलं नाही, अशी माणसंसुद्धा त्या रात्री कोसळली. आणि यात भारतात, श्रीलंकेत जन्मलेल्यांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याच्या मानाने फार मोठं होतं. हे मी तेव्हाच वाचलं होतं. वाचून 'बापरे' म्हटलं होतं आणि एका ग्रुपवर पुढे ढकललंही होतं. आईची ही इथली सहावी खेप, दर वसंतात ती सटासट शिंकते, आणि मला दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावता आला नाही.

त्यानंतर इथल्या यंत्रणेने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर रोज धोक्याचा अंदाज येतो, हिरवा, नारिंगी, लाल. विकइमर्जन्सी हे इथल्या राज्याचं, व्हिक्टोरियाचं, इशाऱ्यांचं अ‍ॅप माझ्या फोनमध्ये होतं आणि त्या दुपारी ते किणकिणलंही होतं, मीटिंगच्या टेबलावर, पालथं. इशारा अगदी बरोबर होता. तो फक्त ज्या बाईसाठी होता तिच्यापर्यंत गेला नाही, आणि गेला असता तरी? 'थंडरस्टॉर्म अस्थमा'चं मराठी करून बघा. 'वादळी दमा' म्हटलं तर वादळासारखा जोराचा दमा वाटतो. 'गडगडाटी वादळामुळे होणारा दमा' म्हणेपर्यंत वादळ येऊन जातं. शिवाय दोन्हींत तो शब्द आहेच, दमा, आणि आमच्या घरात त्या शब्दाला बसायला पाट मिळत नाही. 'त्यांच्याकडे दमा आहे' असं ठरलेल्या स्थळाबद्दल कुजबुजून सांगितलं जातं. पंप तर त्याहून वाईट. एकदा लागला की सुटत नाही म्हणतात. 'सर्दी होऊन छाती भरते' असं म्हटलं की कुणाचं लग्न अडत नाही. पत्रकात नुसतं 'वादळी हवेत नाक गळतं, शिंका येतात अशा सगळ्यांनी घरात बसा' असं लिहिलं असतं तर आई आत बसली असती, असं मला वाटतं. वाटतं एवढंच.

शब्दांचा हा घोळ काही मराठीपुरता नाही. इथल्या आगी-पुरांच्या इशाऱ्यांच्या तीन पायऱ्या आहेत आणि मधल्या पायरीचं नाव 'वॉच अँड अ‍ॅक्ट'. इथे जन्मलेल्या माझ्या सहकाऱ्यांनाही विचारलं तर कुणी म्हणतं बघत राहा, कुणी म्हणतं निघा. आता बघायचं की करायचं हे ज्यांची ती भाषा आहे त्यांनाच धड सांगता येत नसेल, तर पासष्ट वर्षांच्या, शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या माझ्या आईने काय करायचं?

चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या गणेशोत्सवाला अग्निशमन दलाचे दोघं आले होते. आरती झालेली, प्रसादाच्या रांगेत पोरं ढकलाढकली करतायत, आणि स्टेजवर एक गृहस्थ घरातून बाहेर पडायचे दोन रस्ते इंग्रजीत समजावतायत. टाळ्या भरपूर मिळाल्या. जाताना प्रत्येकाच्या हातात एक गुळगुळीत पत्रक दिलं, हिंदीतलं. कुणाला वाईट वाटलं असंही नाही. आपल्याला काय, चालतंच की हिंदी. त्या पत्रकांवर नंतर मोदक ठेवलेले मी पाहिले. आणि घरी गेल्यावर आमच्यातल्या निम्म्यांच्या स्मोक अलार्मवर शॉवर कॅप चढवलेली होती, माझ्यासकट, कारण मोहरी तडतडली की तो बोंबलतो. हे त्या गृहस्थांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या वर्षी नवरात्राच्या आधी एक बाई आली, त्याच दलाची. तिने स्टेज घेतलं नाही. भोंडल्याची तयारी करत बसलेल्या आज्यांच्या घोळक्यात जमिनीवर बसली, जाड बूट बाजूला काढून. तिने ऐकलं होतं की नऊ दिवस दिवा विझू देत नाहीत. तिचा पहिला प्रश्न होता, "ठेवता कुठे?" मी मधे बसून दोन्हीकडचं सांगत होते. आज्यांनी एकमेकींकडे बघितलं. एकीने सांगितलं, लाकडी कपाटात देव आहेत, तिथेच. दुसरीने सांगितलं, भाड्याचं घर, कार्पेट आहे, म्हणून बेडरूमच्या कोपऱ्यात स्टुलावर. पडदा किती लांब, तेल कोण घालतं, रात्री कोण उठतं, वात कशी सरकवतात, सगळं तिने विचारलं. समई बघून तिने हातात घेऊन तोलली आणि तळ जड आहे म्हणून मान डोलावली. दिवा लावू नका हे वाक्य मला भाषांतर करावं लागणार म्हणून मी मनातून धास्तावले होते. ते आलंच नाही. शेवटी उपाय निघाला तोही आज्यांकडूनच. एक म्हणाली, आमच्या सासूबाई परातीत पाणी घालून मधे दिवा ठेवायच्या, मुंग्यांसाठी. ती बाई एकदम सरळ बसली. परात म्हणजे काय? परात आणून दाखवली. किती मोठी, कडा किती उंच, तिने वीतभर हात लावून बघितलं. मग ठरलं, परात, परातीत पाणी, बेडरूमऐवजी स्वयंपाकघराच्या फरशीवर, वर पडदा नको. आणि मग, जाता जाता, "अलार्मवर टोपी कुणाकुणाकडे आहे?" सगळ्या इतक्या हसल्या की भोंडल्याची फुलं सांडली. हात मात्र एकेक करून वर गेले. मीही केला. पुढच्या आठवड्यात ती एका आजींच्या घरी येऊन अलार्म स्वयंपाकघरापासून लांब कुठे बसवायचा ते दाखवून गेली आणि मग ती जागा घरोघर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली.

पण सगळीकडे परात सापडत नाही. ४ जुलै २०२०ला, कोविडच्या साथीत, इथल्या नऊ सरकारी उंच इमारती, सुमारे तीन हजार माणसांच्या, दुपारी घोषणा करून तत्काळ बंद केल्या गेल्या. आतल्या कितीतरी घरांत इंग्रजी बोललं जात नव्हतं, कितीतरी जण युद्धातून पळून आलेले होते, आणि त्यांना खिडकीतून आधी दिसले ते गणवेशातले पोलीस. का बंद, किती दिवस, औषधाचं काय, हे त्यांच्या त्यांच्या भाषेत पोचवायला त्याच समाजांतली तरुण मुलंमुली राबली. त्याच वर्षअखेरीस लोकपालांनी म्हटलं की इतक्या तडकाफडकी केलेली ती कारवाई मानवी हक्कांच्या कायद्याला धरून नव्हती. मी तेव्हा ते टीव्हीवर बघत होते आणि मनात म्हणत होते, आपलं तसं नाही, आपण शिकलेले, आपल्याला अ‍ॅप वाचता येतं. आई आजारी पडल्यावर मला या 'आपलं तसं नाही'ची फार लाज वाटली. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये शिरल्यावर माझ्या आईने त्या मुलाला विचारलेली पहिली गोष्ट होती, "हाऊ मच मनी?" इथे सभासदत्व किंवा सवलत नसेल तर अ‍ॅम्ब्युलन्सचं बिल येतं, हे तिने कुठूनतरी ऐकलेलं. तिकडे महाराष्ट्रात १०८ला फोन केला तर पैसे पडत नाहीत हे तिला पाठ आहे. पण तोही तिने जन्मात कधी केलेला नाही. दारात गाडी उभी राहिली की सगळी गल्ली बाहेर येते. गणवेशातला माणूस आपण होऊन बोलवायचा नसतो. तिच्या लेखी अडचणीला माणूस लागतो आणि तीन शून्यांच्या मागे माणूस आहे हे तिला कुणी दाखवलेलंच नव्हतं, मी चिठ्ठी चिकटवली होती फक्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात नर्स आली तेव्हा मी आईची दुभाषी व्हायला सरसावून बसले. तिने हसून मला थांबवलं. तुम्ही मुलगी म्हणून बसा, म्हणाली, आणि पलंगावर एक फोन ठेवला. ही सरकारी दुभाषा सेवा १९७३ साली सुरू झाली तीच मुळी आणीबाणीच्या फोनसाठी, आणि आज दीडशेहून जास्त भाषांत चालते. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुलांनी कायम वास्तव्याच्या अर्जात पाच पॉइंट मिळतात म्हणून मराठीची भाषा-परीक्षा दिली आहे आणि पॉइंट मिळाल्यावर तो विषय मिटवला आहे. त्यामुळे पलीकडे खरंच कुणी असेल असं मला वाटलं नव्हतं. होती. शांत, मध्यमवयीन आवाज. आईने पहिल्यांदा काय विचारावं? "तुम्ही मूळच्या कुठल्या?" पलीकडची बाई म्हणाली, "मी इथे फक्त तुमचं बोलणं तिकडे आणि त्यांचं तुमच्याकडे पोचवणार आहे, काकू. माझं नाव-गाव सांगता येत नाही." मला वाटलं आई आता तोंड मिटून घेणार. उलट तिने उशी नीट केली आणि टेकून बसली.

नर्सने विचारलं, लहानपणी कधी असा श्वासाचा त्रास झाला होता का. अस्थमा हा शब्द तिने वापरलाच नाही.

"व्हायचा की," आई म्हणाली. "बालदमा होता मला. चौदाव्या वर्षापर्यंत. थंडीत रात्र-रात्र वडील मांडीवर घेऊन बसायचे. पुढे थांबला. लग्नात कुणी काढला नाही तो विषय." हे ती फोनकडे बघून सांगत होती, माझ्याकडे नाही. त्या अनोळखी बाईने ते जसंच्या तसं इंग्रजीत नेलं, वडिलांच्या मांडीसकट. आदल्या संध्याकाळी मी 'नेव्हर' म्हणाले होते, आईने नुसतं 'नाही गं' म्हटलेलं असताना. तो शब्द माझा होता.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, काल मला का नाही सांगितलंस. ती बराच वेळ बाहेर बघत होती. "ती परकी होती," म्हणाली. "परक्याला सांगता येतं. तुला सांगितलं असतं तर तू तुझ्या मुलांच्या छातीला कान लावून बसली असतीस." मी घरी गेल्यावर तेच केलं.

यंदा ती पुन्हा आलीय. पर्समध्ये गीतेच्या छोट्या पोथीशेजारी निळा पंप असतो. तो दाखवत नाही ती कुणाला, पण सोडतही नाही. चार वेळा पंप, दर वेळी चार श्वास, चार मिनिटं थांबायचं, हे तिने पाढ्यासारखं पाठ केलंय. नाहीच उतरलं तर फोनवर दोन शब्द म्हणायचे, 'अ‍ॅम्ब्युलन्स' आणि 'मराठी', आणि फोन ठेवायचा नाही. हा सराव आम्ही बटाट्याला फोन करून करतो. नातू बटाट्याच्या वतीने उत्तरं देतो.

परवा अंदाज लाल आला. मी घरूनच काम करत होते. चारच्या सुमाराला आभाळ उतरलं, कुंपणाची झाडं वाकायला लागली. आईने उठून एकेक खिडकी लावली, कड्या दोनदा बघितल्या, नाशिकला फोन करून मावशीलाही सांगितलं की लावल्या म्हणून. तिकडे लख्ख ऊन होतं. मग बाहेर सर धडाधड कोसळायला लागली तशी ती मागच्या दाराच्या काचेला नाक टेकवून उभी राहिली. तिच्या श्वासाचा गोल काचेवर उमटायचा, विरायचा, पुन्हा उमटायचा. मी तो मोजत होते.

"वास आला असेल ना गं बाहेर?"

"असेल," मी म्हटलं.